मोराचे मोजे

फार वर्षांपूर्वी एका उघड्या माळावर एक म्हातारा मोर राहत होता. पिसारा होता तोवर त्याच्याभोवती सारखी गर्दी असे. एका साली पिसारा गळाला तो पुन्हा नीट आलाच नाही, आणि हळूहळू सगळ्यांचे येणे-जाणे थांबले. त्यातच थंडी अशी पडली की त्याच्या पायांची बोटे वळेनात.

बोरीच्या काट्यांना मेंढ्यांची लोकर अडकली होती. ती चोचीत धरून मोर सुगरणीकडे गेला. म्हणाला, "पोरी, माझ्या पायांना मोजे विणून देशील?"

सुगरण चार दिवस माळावर येऊन त्याच्या पायांशी विणत बसली. विणता विणता पिल्लांच्या खोड्या सांगे, आणि मोर खुदूखुदू हसे. पाचव्या दिवशी मोजे पायांत चढले. छान ऊब आली. सुगरण घरी गेली आणि माळ पुन्हा गप्प झाला.

दोन दिवसांनी मोर तिच्या झाडाखाली हजर. "टाच उसवली बघ." तिने ती नीट करून दिली. आणखी दोन दिवसांनी दुसरी टाच उसवली. तिसऱ्या खेपेला सुगरणीने धागा निरखून पाहिला. तो झिजलेला नव्हता, चोचीने ओढून तोडलेला होता. तिने वर पाहिले, तेव्हा मोराने मान खाली घातली.

"लोकरच कच्ची आहे, आजोबा," सुगरण म्हणाली. "एवढ्या थंडीत तुम्ही नका येत जाऊ. मीच रोज येऊन बघत जाईन."