आडवा क्रूस

चपला काढा आणि पाय ठेवा. बघताय काय? हो, क्रूसच आहे तो. वसईच्या या पट्ट्यात तुम्हाला चौकाचौकांत क्रूस उभे दिसतील, हार घातलेले, मेणबत्त्या लावलेले. आमच्या आळीतला हा एकच असा, जो बावखलाच्या काठाला आडवा पडलाय, अर्धा चिखलात, अर्धा पाण्यात. त्याच्यावर पाय दिल्याशिवाय या गोड्या पाण्याच्या तळ्यात घागर बुडत नाही. तुमची समिती तो उभा करायचा म्हणते. कठडा, फरशी, लोखंडी फाटक, फाटकाला कुलूप. नकाशासुद्धा आणलात. आधी ऐकून घ्या, मग काय ते ठरवा.

फार जुनी गोष्ट. बस्त्याव नावाचा गवंडी इथे राहायचा. त्याच्यासारखा भक्त पंचक्रोशीत नव्हता, असे सांगतात. म्हणजे काय, तर स्वतः उपाशी राहायचा आणि दुसऱ्याच्या ताटात डोकावायचा. उपवासकाळात कुणाच्या घरातून मटणाचा वास आला, तर दारात जाऊन गाव गोळा करायचा. फादर लांबच्या देवळातून कधीमधी यायचे. बाकीचे दिवस देव बस्त्यावच्या ताब्यात.

एका वर्षी त्याने नवस केला. क्रुसावर येशूला तहान लागली आणि लोकांनी त्याला पाण्याऐवजी आंब, म्हणजे आंबलेली दारू दिली, हे त्याच्या मनाला फार लागले होते म्हणे. लागावे असेच आहे ते. पण या शहाण्याने त्यातून अर्थ काय काढला? प्रभू तहानलेला राहिला, तर आळीनेही तहानलेलेच राहायचे. गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, गुरुवारी संध्याकाळी त्याने घरोघरी फिरून मडकी पालथी घालायला लावली. शनिवारच्या रात्री ईस्टरची घंटा होईपर्यंत कुणी थेंब प्यायचा नाही. काळ्या दगडाचा क्रूस त्याने स्वतःच घडवला होता. तो बावखलाच्या वाटेवर मधोमध उभा केला, दोन्ही बाजूंना काटेरी कुंपण घातले आणि काठी घेऊन समोर बसला. आळी गप्प राहिली. भल्या माणसांना ते छान जमते.

खाडीपलीकडच्या मिठागरांत राबणारी माणसे मात्र ना त्याच्या नवसातली, ना त्याच्या धर्मातली. उन्हाळ्यात सगळीकडचे पाणी खारे व्हायचे, तेव्हा त्यांनाही हेच बावखल. शुक्रवारी भर दुपारी गोमी नावाची आगरीण आली. खांद्यावर तापाने फणफणलेला मुलगा, हातात तांब्या.

"दादा, पोर तापलाय. घोटभर पानी घेते नि जाते."

"आज नाय," बस्त्याव म्हणाला. "आज प्रभू तहानलेला हाय."

त्याची बायको मोनकी घरातून धावत आली. त्या पोराची सुकलेली जीभ बघून ती नवऱ्याच्या पाया पडली. तो हलेना, तेव्हा तिने तांब्या घेऊन कुंपणातून हात घातला. त्याने तिच्याच हातावर काठी मारली. ही भक्ती! गोमी माघारी फिरली. मिठागराच्या बांधापर्यंत पोचेस्तोवर पोर गेले.

ऊन उतरायच्या आत ती परत आली. या वेळी खांदा मोकळा होता.

"जिता व्हता तवा घोट नाय दिलास. आता आंगोल घालाया तरी दे."

आणि बस्त्यावने विचार केला. खरेच विचार केला, असे सांगतात. नवस पिण्याचा होता. मेलेला पीत नाही. तो सरकून बसला आणि म्हणाला, "आंघोळीला ने. प्यायचं नाय मात्र."

हे सांगताना अजूनही माझ्या अंगाची आग होते.

गोमीने तांब्या भरला. क्रुसासमोर आली आणि अख्खा तांब्या त्याच्या माथ्यावर ओतला. "तुज्या देवाला तान लागलीय ना? घे, मी पाजला त्याला. तू नाय पाजलास." मग तिने तांब्या पुन्हा भरला आणि निघून गेली.

पाणी दगडावरून ओघळले. दगड इतका तापलेला होता, की पाणी खाली पोचण्याआधीच सुकले म्हणे. बस्त्याव बघत राहिला. ज्याच्या तहानेसाठी आपण इथे बसलो, तोच दुपारी त्या पोराच्या तोंडाने पाणी मागायला आला होता आणि आपण त्याला काठी दाखवली, हे त्याला तेव्हा कळले. तो ओरडत उठला. पहार आणली, क्रुसाच्या मुळाशी घातली आणि क्रूस पाण्याच्या बाजूला पाडला.

आता मात्र आळी धावून आली. दगड घेऊन आली. पोर मेले तेव्हा कुणी आले नव्हते, पण हा देवाचा अपमान होता ना!

"मारा मला," बस्त्याव म्हणाला, "पण त्याला उभा करू नका. उभा होता तेव्हा वाट अडली. आडवा राहिला तर त्यावर पाय ठेवून कुणी पाणी तरी काढील."

तेवढ्यात मोनकी सुजलेल्या हाताने घागर घेऊन आली. क्रुसावर पाय ठेवला आणि पाणी काढले. लोकांच्या हातातले दगड हातातच राहिले.

फादर आले तेव्हा बस्त्यावने गुडघे टेकून बाप्तिस्मा मागितला. फादर म्हणाले, "तुझा तर जन्मलास तेव्हाच झालाय."

"तेव्हा नाव पडलं, फादर. ख्रिस्ती व्हायचं राहिलं."

फादरनी त्याच्या डोक्यावर पाणी घातले नाही. त्याच्या हातात घागर दिली आणि खाडीपलीकडे बोट दाखवले.

मरेपर्यंत तो रोज मिठागरांवर पाणी नेत असे. गोमीने त्याला माफ केले का, असे ऐकणारे हमखास विचारतात. नाही केले. का करावे? बाकीचे प्यायचे. आपल्या झोपडीपुढची घागर ती रोज मातीत ओतून द्यायची. तो दुसऱ्या दिवशी पुन्हा भरून आणायचा.

आजही गुड फ्रायडेला आम्ही पहिली घागर या क्रुसावर उभे राहून भरतो आणि मिठागराच्या जुन्या बांधावर नेऊन ओततो. ती त्या पोराची, तिच्यातले कुणी पीत नाही. दुसरी घागर वाटेत भेटेल त्या पहिल्या माणसाची, मग तो कुठल्याही देवाचा असो. त्याला पाजल्यावरच आम्ही देवळात जाऊन क्रुसाचे चुंबन घेतो.

आता तुमचा नकाशा. फाटकाची किल्ली कुणाकडे राहणार, ते त्यात लिहिलेले दिसत नाही. राहू दे, नंतर सांगा. रस्त्याच्या कामावरची ती बाई केव्हाची कळशी घेऊन तुमच्या मागे उभी आहे, आणि वाट तुम्ही अडवलीय. सरका बाजूला.