गुळातली कणीक

“मासा डोळ्यांपुढं उड्या मारून राह्यला बाबाजी, मग गळाले काहून लागत नाई?”

हे विचारताना देवचंद ढिवराचा आवाज चिरकला. ज्याचा गळ कधी रिकामा येत नाही असं तळ्याकाठची गावं म्हणत, आणि ज्याला ते ऐकायला फार आवडे, तो हाच देवचंद.

त्याचे गुरू रमजूबाबा फकीर तळ्याच्या पाळीवरच्या झोपडीच्या दारात टेकून बसले होते. तापातून उठले, पण अन्नावरची वासना गेली. पेज नको, दूध नको. असंच चाललं तर उन्हाळा निघायचा नाही, असं वैद्यानं देवचंदला बाजूला घेऊन सांगितलं होतं. काल कधी नव्हे ते माशाच्या रश्शाचं नाव म्हाताऱ्याच्या तोंडून निघालं, आणि आज पहाटेपासून शिष्य पाण्यात उभा.

पण आज नेमकी पाखरं निघाली होती. एरवी तळाच्या चिखलात किडे होऊन राहणारी ही पाखरं उन्हाळ्यात पंख फुटून ढगासारखी पाण्यावर येतात. मासे ती खाऊन तुडुंब झाले होते. देवचंदनं गांडूळ लावलं, झिंगा लावला, शेवटी गूळ घालून कणीक मळली. एकानं हुंगलंसुद्धा नाही.

बाबांनी गुडघ्यावर बसलेलं एक पाखरू बोटावर घेतलं.

“याले खायाले तोंडच नसते, ठाऊक हाय? पंख फुटले का खाणं संपलं. सांज झाली का हेही गेलं... किती सुखाचं.”

देवचंदला बोलण्याचा रोख कळला. त्यानं गळाची काठी खाली ठेवली.

“तुमी नका जाऊ जी,” तो म्हणाला. “मले आज नाई जमलं. पण नका जाऊ.”

त्याचं पोट खपाटीला गेलं होतं. बाबा त्या पोटाकडे बघत राहिले.

“तू कवा जेवला?”

देवचंद गळाची दोरी गुंडाळू लागला.

गुरूंच्या पोटात काही गेल्याशिवाय आपणही घास घ्यायचा नाही, असं त्यानं ठरवलं होतं. ते सांगायची त्याला लाज वाटली.

बाबा उठले. भिंत धरत चुलीपाशी गेले. वाटीत उरलेली कणीक त्यांनी तळहातावर थापली आणि निखाऱ्यांवर टाकली. भाजल्या गुळाचा वास सुटला. राख झटकून त्यांनी तिचे दोन तुकडे केले, एक शिष्याच्या हातात दिला.

देवचंद खाईना. तो नुसता बाबांच्या तोंडाकडे बघत होता.

मग बाबांनी आपला तुकडा तोंडात घातला. सावकाश चावला. गिळला. बोटाला लागलेला गूळही चाटला. ते पाहिल्यावर देवचंदनं घास घेतला, आणि खाता खाता तो रडू लागला.

तळ्यात मासे उड्या मारतच होते.

“तुहा गळ कधी रिकामा येत नाई म्हणतात,” बाबा म्हणाले. “...खरंच हाय, बाबू.”