धुण्याच्या उतारावरचे तीर्थ

दुपारच्या शांततेत भिंतीवर बांगडी वाजली. टिक, टिक. सासूबाईंना पाणी हवे होते. सकाळपासून ठकूचे हे कितवे उठणे, ते तिलाही सांगता आले नसते.

ही गोष्ट निंबदऱ्याची. तेव्हा तुळसगीर महाराज तिथे नदीकाठच्या उंबराखाली राहत असत. ठकूची सासू दोन वर्षे अंथरुणाला खिळलेली, वाचाही गेलेली. वाचा होती तेव्हा तिने एकच मागणे मागितले होते, की जाताना ओठांवर गंगा पडावी. आज ठकूने पाणी पाजले ते ओघळून गेले. म्हातारीला ऊर्ध्व लागला होता.

त्याच दिवशी विश्वंभरपंतांकडे मावंदे होते. काशीहून परतले की गंगेचा गडू पुजायचा, मग गाव जेवू घालायचे, ते मावंदे. लेकीला आजीपाशी बसवून ठकू तिथे गेली आणि पळीभर गंगा मागू लागली.

पंत हसले. "ठके, काशीला पाय झिजवावे लागतात. तुला घरबसल्या गंगा मिळाली, तर उद्या ती तुझ्याकडे धुणी धुवायलाही येईल!"

पंगत हसली. मग पंतांनी सर्वांना ऐकवले, की गडूचे तोंड लाखेने बंद करण्याआधी आपण त्यात पाच पानांचा बेल सोडला आहे; असा बेल काही कोणालाही सापडत नाही.

महाराज भरल्या पानावरून उठले. ठकूला म्हणाले, "पोरी, तू रोज सासूची लुगडी धुतेस ना, नदीच्या त्या उतारावरचे पाणी घेऊन ये. मी तिच्याजवळ बसतो."

ठकूला रडू आले नाही. फार दमलेल्या माणसाला ते येत नाही. तिने जाऊन तांब्या भरला.

इकडे पंतांनी पंगतीला तीर्थ द्यायला लाख फोडली, तर गडू कोरडा. कुठे चीर नाही, पण आत थेंब नाही की पान नाही. पंत तसेच अनवाणी ठकूच्या घरी धावले. महाराज म्हातारीच्या मुखात पाणी घालत होते आणि तांब्यात पाच पानांचा बेल तरंगत होता, आत्ताच खुडल्यासारखा हिरवा.

"हा तर माझा बेल," पंत पुटपुटले.

"तुमचाच," महाराज म्हणाले. "पंत, तीर्थ म्हणजे मुळात नदीचा उतार. जिथून पायी पलीकडे जाता येते ती जागा. माणसे तिथे थांबली, एकमेकांना हात देत पार झाली, आणि मग त्यांनी हात जोडले. यात्रा तिथून सुरू झाली, देवळे मागाहून आली. हिने दोन वर्षे एका जिवाचा हात धरून ठेवलाय. तुम्ही वाटेत कोणाचा धरलात?"

म्हातारीने घोट गिळला. चेहरा निवला, आणि श्वास थांबला.

पंतांनी ठकूच्या भेगाळलेल्या पायांवर डोके ठेवले. पाय मागे घेण्याइतकेही त्राण तिच्यात नव्हते.

लेक तिच्या पदराशी सरकली. "आई, आजी पलीकडं गेली ना? मग तिथं तिची कूस कोण बदलणार?"