हात मागे

“आणि तू नसलास तर?” मुकादम सरांनी विचारलं.

“मी कुठे जाणारेय सर?” पुष्कर हसला.

सर हसले नाहीत.

रविवारची सकाळ होती. चिपळूणच्या वाचनालयाच्या माडीवर कॉम्प्युटरवर लिनक्स वापरणाऱ्यांचा आमचा गट जमला होता. पुष्कर लिमयेने बॅकअपच्या टूल्सवर नोट्स काढून आणल्या होत्या. कुठलं टूल जागा कमी खातं, कुठलं झपाट्याने चालतं, कुठलं फाइलींना कुलूप घालतं... सगळं. नोट्स इतक्या देखण्या होत्या की मला न समजताही आवडल्या.

“यात माझ्या आईचा आवाज आहे,” छोटी डिस्क उंच धरून त्याने सांगितलं होतं. “अशा आणखी प्रती आहेत. सगळ्या कुलूपबंद. पासवर्ड फक्त माझ्या डोक्यात.”

आई गेल्या वर्षी गेली. तिची रेकॉर्डिंगं बाबांच्या फोनवर होती. त्यातली काही बाबांच्या हातून चुकून पुसली गेली, तेव्हा पुष्करने उरलेली सगळी या डिस्कवर घेतली आणि फोन रिकामा केला. काळजीपोटीच केला.

ते बाबा, लिमयेकाका, मागच्या रांगेत बसले होते. मुलाचं कौतुक ऐकायला आले होते, इस्त्रीचा शर्ट घालून.

“हात मागे,” सर म्हणाले.

ही आमच्या गटाची रीत. ज्याने नोट्स लिहिल्या त्याने हात मागे बांधून उभं राहायचं, आणि नुसत्या नोट्स वाचून काम दुसऱ्याने करून दाखवायचं. दुसरा म्हणजे ज्याला सगळ्यात कमी कळतं तो. या जागेवर माझी निवड कायम बिनविरोध होते.

मी पदर सावरून उठले.

“वैदेही, तू बस. लिमये, तुम्ही या.”

इतक्या वर्षांचं माझं पद एका वाक्यात गेलं.

“अहो, मी कशाला?” काका गडबडले. “माझ्या हातून आधीच एकदा...”

“या हो.”

काका खुर्चीत बसले. एक बोट नोट्सवर, एक बोट कीबोर्डवर. पुष्करचे बांधलेले हात मागे चुळबुळत होते.

“बाबा, त्याच्यापुढे स्पेस...”

“हात मागे म्हणजे तोंडही मागे,” सर म्हणाले.

नोट्स खरंच चांगल्या होत्या. काका एकेक ओळ करत पुढे गेले. मग स्क्रीनने पासवर्ड मागितला.

काकांनी पान उलटलं. परत मागे आणलं.

“इथे काही लिहिलेलं दिसत नाही...” चूक आपलीच असल्यासारखं ते म्हणाले.

“तो मी टाकतो.” पुष्कर पुढे सरकला.

सरांनी मागून त्याचे दोन्ही हात धरले. हळूच, लहान मुलाचे धरावेत तसे.

“तू इथे नाहीस.”

मग ते काकांकडे वळले.

“लिमये, वहिनींचा आवाज शेवटचा कधी ऐकलात?”

काकांनी चष्मा काढला. शर्टाच्या टोकाने पुसला.

“ती गेली तेव्हाच्या आसपास. ह्याला कामं असतात हो. आणि माझ्याच हातून पुसलं गेलं ना... कुठल्या तोंडाने मागू?”

“बाबा, मागायचंत ना...” पुष्कर म्हणाला.

सरांनी त्याचे हात सोडले.

तो बाबांच्या खुर्चीशी उकिडवा बसला. कानाशी तोंड नेऊन एकेक अक्षर सांगू लागला. अक्षर कॅपिटल असेल तिथे थांबत होता. पहिल्यांदा चुकलं.

“सावकाश बाबा. काही पुसलं जात नाही याने.”

पुन्हा.

स्पीकर खरखरला.

“अहो, मोटर बंद केलीत का? टाकी वाहून चाललीय!”

“केली गं, केली,” काका खुर्चीतून अर्धे उठले.

कुणी हसलं नाही. मी पंख्याकडे बघत बसले. बंद होता, तरी बघत बसले.

काकांनी तेच रेकॉर्डिंग परत लावलं. आपलं आपण.

पुष्करने नाक पुसलं. तरी त्याच्यातला नोट्सवाला अजून जागाच होता.

“पण सर, मग बाबांसाठी हा पासवर्ड घरात लिहून ठेवायचा? उद्या चोर आला तर?”

सर काकांकडे बघत होते.

“चोर आला तर एखाद्या दिवशी येईल रे... बाबा रोज घरी असतात.”