सभासद आवडूकाकी

फार वर्षांपूर्वी, तेरवळे गावाच्या व्हाळाला सिमेंट माहीत नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. व्हाळ म्हणजे ओढाच, पण पावसाळ्यात नदीचा तोरा मिरवणारा. अलीकडे गाव, पलीकडे दहा घरांची वाडी, आणि मधला लाकडी साकव दर पावसाळ्यात वाहून जायचा.

तो बांधायला गावात सेवा मंडळ निघालं. मंडळात सात जण होते: एक अध्यक्ष, दोन उपाध्यक्ष, चिटणीस, सहचिटणीस, सल्लागार आणि मार्गदर्शक. साधा सभासद एकही नव्हता. त्यामुळे साकवाचे ठराव भराभर व्हायचे आणि पोफळीचे ओंडके काठावरच पडून राहायचे. उचलणार कोण?

गावची सुईण आवडूकाकी. चणीनं एवढीशी, पण आवाज असा की वाडीतली पोरं तो ऐकूनच जन्माला यायची, असं म्हणतात.

त्या वर्षी दिवाळी तोंडावर आली तरी पाणी छातीभर होतं. एका सकाळी पलीकडून हाक आली, शेवंतीला कळा लागल्या. पहिलटकरीण, अंगानं अशक्त. काकी बोचकं घेऊन धावली. काठावर सातही जण साकवावर चर्चा करत बसलेले. शेवंती काकीच्याच हातांवर जन्मली होती. आता ती पलीकडे तळमळत होती, आणि इथे चिटणीस मंडळाची घटना वाचत होते: "साध्या सभासदांच्या सभेचा निर्णय सर्व पदाधिकाऱ्यांवर बंधनकारक राहील."

काकी थबकली.

"मंडळात साधो सभासद कोण आसा?"

"अजून कोणी नाय," अध्यक्ष दाजी तावडे म्हणाले.

"मग माका करून घेवा."

सातही जणांना भरून आलं. इतक्या वर्षांत कोणी विचारलंच नव्हतं! लगेच नाव लिहिलं, टाळ्या वाजल्या. टाळ्या थांबायच्या आत काकीनं पदर खोचला.

"आता सभा माझी. ठराव असो, की सगळ्यांनी ओंडके उचलून पाण्यात उतरूचा!"

दाजींनी घटना उलटसुलट चाळली. ती त्यांनीच लिहिली होती. काही करता येईना.

सातही जण पाण्यात उतरले. ओंडके टेकवायला जुने खांब उरले नव्हते, म्हणून ते खांद्यावरच धरले. काकी त्यावरून सुसाट निघाली. पलीकडे पोचल्यावर वळून ओरडली, "मी येयसर खाली ठेवू नकात!"

ती परत कधी आली? कुणी म्हणतात दोन तासांनी, कुणी म्हणतात तीन दिवसांनी. तोवर मासे सल्लागारांच्या धोतरात ये-जा करू लागले आणि दाजींच्या डोक्यावर खंड्या बसला, असं म्हणतात. त्याला हाकलायचा ठराव झालेला नव्हता, म्हणून दाजींनी त्याला बसू दिलं.

मग वाडीतून बाळाचं रडणं आलं. शेवंती आणि मुलगी दोघी सुखरूप होत्या. पाण्यातले सातही जण लहान मुलांसारखे रडले. दाजी तर सगळ्यात मोठ्यानं.

काकी ओंडक्यांवरून अलीकडे परत आली. दाजींनी विचारलं, "काकी, आता ठेवू?"

"थांबा. शेवंतीची आवस पलीकडे जावची आसा."

आई गेली, तिच्यामागे मावश्या गेल्या, मग सगळं गावच बाळ बघायला गेलं आणि सावकाश परत आलं. तेव्हा कुठे काकी म्हणाली, "ठेवा."

आता व्हाळावर सिमेंटचा पूल आहे. तरी दर दिवाळीआधी मंडळाचे सात पदाधिकारी पाण्यात उतरून ओंडके खांद्यावर घेतात आणि गावातल्या बायका वर्षभरात जन्मलेली बाळं त्यावरून पलीकडे नेतात. "ठेवा" म्हणायचा मान फक्त साध्या सभासदाचा. त्यासाठी गाव एका बाईला वर्षभर कुठलंच पद देत नाही, आणि त्या मानासाठी बायकांत चुरस असते. गेल्या वर्षी तो शेवंतीच्या खापरपणतीला मिळाला. शेवटचं बाळ पलीकडे पोचलं, सातही जण तिच्याकडे आशेनं बघू लागले, आणि तिनं आधी चहा मागवला.