मागचं दार

"मग पहिलं ऑपरेशन नेमकं कोणाचं धरायचं, सर?"

कर्णिक सरांनी पेपरातून डोकं वर काढलं नाही. "कौसल्याचं."

"ती तर टेबलावरच गेली."

"तू पहिलं विचारलंस."

डॉ. शिरीष वाघुळदे हसला. विद्यापीठाच्या रुग्णालयात हृदयशस्त्रक्रियेचा विभाग कर्णिक सरांनी काढला, आता त्याचा प्रमुख हा. विभागाला पन्नास वर्षं होत होती, म्हणजे शाली, नारळ आणि कुलगुरूंचं भाषण आलंच. शिवाय इतिहासाचं एक गुळगुळीत पुस्तक. ते सरांच्या नजरेखालून घालायला तो त्यांच्या घरी आला होता. खरं तर कौतुक ऐकायलाच आला होता.

"आपण पहिल्या यशस्वी ऑपरेशनपासून सुरुवात केलीय, सर. सोहळ्यात मरणाचं कशाला?"

सरांनी पेपर बाजूला ठेवला.

"आज सकाळी ऑपरेशन होतं ना तुझं?"

"हो…"

"काय झालं?"

"लहान मुलगा होता. झडप नीट बसली. पण हृदय परत सुरूच झालं नाही."

"त्याच्या बापाला कोणी सांगितलं?"

वाघुळदे पुस्तकाची पानं चाळू लागला.

"ज्युनिअर सांगेल. बाहेर गावच्या गाव जमलंय, सर. सिक्युरिटीनंच मला मागच्या दारानं काढलं."

"आणि तू इथं इतिहास घेऊन आलास."

…

सरांना संताप आला होता, आणि यायलाच हवा होता.

"कौसल्या गेली तेव्हा मागचं दार मलाही होतं. मी पुढून गेलो. अंगावरचा गाऊनसुद्धा काढला नव्हता. तिच्या बापानं सगळ्यांदेखत माझ्या थोबाडीत मारली."

"तेच म्हणतोय मी. हल्ली तर…"

"गप्प बस. मारून झाल्यावर त्यानं माझाच हात धरला. म्हणाला, डॉक्टर, पोरीला दुखलं का हो?"

…

"काय सांगितलंत?"

"जे खरं होतं ते. तिला भूल देताना मी तिच्या उशाशी होतो. तुझ्या ज्युनिअरला काय माहीत असणार?"

वाघुळदेनं पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं.

सर उठले. भिंतीचा आधार घेत दारापर्यंत गेले, वाकले, आणि वाघुळदेचे बूट उचलून बाहेरच्या दिशेनं तोंड करून ठेवले.

गुरूनं आपल्या बुटांना हात लावलेला पाहून तो ताडकन उभा राहिला. पुस्तक मांडीवरून खाली पडलं. ते उचलायचंही त्याला सुचलं नाही.

"सर, हे काय करताय… सर, ते मारतील मला."

"मारतील," कर्णिक सर म्हणाले. "मग विचारतील."