टिवलीचा वीतभर दोरा

एक होती शिंपीण. कपडे शिवणारी नव्हे हं! ही होती पानं शिवणारी. एवढंसं पाखरू. शेपटी वर, चोच सुईसारखी. नाव तिचं टिवली.

टिवली बदामाच्या झाडावर घर शिवत होती. दोन पानं जोडली. एक टाका, दोन टाके, तीन टाके. आता एकच टाका उरला. आज अंडी घालायची होती. टाका नाही तर घर नाही. घर नाही तर अंडी कुठे घालायची?

टिवलीने दोरा आणला. लालचुटूक. वीतभर. नलूमावशीच्या मशीनखाली सापडलेला. दोरा चोचीत धरून ती मावशीच्या खिडकीत बसली. तिला इतका आनंद झाला, इतका आनंद झाला, की ती गायला लागली. "टिव टिव!"

चोच उघडली. दोरा पडला! खाली होता खोका. दोरा पडला खोक्यात. आणि चर्रर्र! मावशीने खोक्याला चिकटपट्टी लावली. दोरा तिला दिसलाच नाही.

नलूमावशी बाळांची दुपटी शिवायची. तिने कालच दुकान काढलं होतं. फोनवरचं दुकान! त्याला दार नाही, पाटी नाही. फोनमध्ये दुपटं बघायचं, बोट लावायचं, की दुपटं येतं घरी. हा तिचा पहिला खोका. दुपारी कुरिअरवाला येणार. खोका लांब जाणार, पार रत्नागिरीला!

अरे बापरे! म्हणजे दोरासुद्धा रत्नागिरीला!

दुसरा दोरा चालला नसता का? छे! टिवलीचा दोरा म्हणजे टिवलीचाच दोरा.

टुण टुण टुण! टिवली गेली खोक्याकडे.
"खोकोबा, खोकोबा!
टिवलीचं घर होईना!
खोकोबा, दोरा दे ना!"
खोका म्हणाला, "ऊं ऊं! तोंडाला पट्टी. कात्री कापेल, तर दोरा देईन."

टुण टुण टुण! टिवली गेली कात्रीकडे.
"कात्रीबाई, कात्रीबाई!
खोका दोरा देईना,
टिवलीचं घर होईना!
कात्रीबाई, पट्टी काप ना!"
कात्री म्हणाली, "कच कच! एकटी कशी कापू? मावशी धरेल, तर कापीन."

टुण टुण टुण! टिवली गेली मावशीकडे.
"मावशी गं, मावशी!
कात्री पट्टी कापेना,
खोका दोरा देईना,
टिवलीचं घर होईना!
मावशी, कात्री धर ना!"
मावशी म्हणाली, "कशी धरू गं बाई? मांडीवर गुंडू रडतोय. हातात फोन. फोन सारखा विचारतोय, दुकानाचं नाव काय, नाव काय? मला मेलं एक नाव सुचेना! गुंडू हसेल, तर कात्री धरीन."

टुण टुण टुण! टिवली गेली गुंडूकडे.
"गुंडूबाळा, गुंडूबाळा!
मावशी कात्री धरेना,
कात्री पट्टी कापेना,
खोका दोरा देईना,
टिवलीचं घर होईना!
गुंडूबाळा, हस ना!"
गुंडू म्हणाला, "भ्यां! ढमी नाचेल, तर हसेन."

ढमी कोण? मांजर!

टिवली थांबली. टिवली घाबरली. पण अंडी तर आजच घालायची होती. मग ती लांबूनच ओरडली.
"ढमीताई, ढमीताई!
गुंडू काही हसेना,
मावशी कात्री धरेना,
कात्री पट्टी कापेना,
खोका दोरा देईना,
टिवलीचं घर होईना!
ढमीताई, नाच ना!"
ढमी म्हणाली, "म्याँव! नाचू कशी? शेपटीला बसलीय मापाची टेप. टेप सुटेल, तर नाचेन."

तेवढ्यात बाहेर वाजलं, पीं पीं! कुरिअरवाला आला!

टुण टुण… टुण… टुण. टिवली गेली टेपकडे. अगदी ढमीच्या शेपटीपाशी!
"टेपताई, टेपताई!
ढमी काही नाचेना,
गुंडू काही हसेना,
मावशी कात्री धरेना,
कात्री पट्टी कापेना,
खोका दोरा देईना,
टिवलीचं घर होईना!
टेपताई, सूट ना!"
टेप म्हणाली, "मी कशी सुटू? गाठ बसलीय. तू शिंपीण ना? तूच सोडव की!"

टिवली म्हणाली, "ढमीताई, मला खाणार नाहीस ना?"
ढमी म्हणाली, "शेपटीची शप्पथ!"

टिवलीने डोळे मिटले. चोच पुढे केली. इकडून टोच, तिकडून टोच. इकडून ओढ, तिकडून ओढ. आणि सुट्ट!

टेप सुटली!
ढमी नाचली, थय थय थय!
गुंडू हसला, खुदुखुदुखुदु!
मावशीने कात्री धरली,
कात्रीने पट्टी कापली, कच्च!
खोक्याने दोरा दिला,
फुर्रर्र! टिवली उडाली झाडावर.
एक टाका, घट्ट टाका. टिवलीचं घर झालं!

मावशी खिडकीतून बघतच राहिली. "अगं बाई! एवढ्याशा दोऱ्यासाठी एवढी धडपड! दोन पानं, वीतभर दोरा, की झालं बाळांचं घर. मीसुद्धा तेच करते की! कापडाचे दोन तुकडे, थोडासा दोरा, की झाली बाळाची ऊब."

फोनने पुन्हा विचारलं, "दुकानाचं नाव काय?"

मावशी हसली. तिने लिहिलं, "वीतभर दोरा."

खोक्याला पुन्हा पट्टी लावली. त्यावर तेच नाव लिहिलं. नावाशेजारी इवलीशी टिवली काढली, शेपटी वर करून. पीं पीं! खोका निघाला रत्नागिरीला.

आता मावशीचे खोके गावोगाव जातात. प्रत्येक खोक्यात एक दुपटं असतं. आणि दुपट्यावर असतो लालचुटूक दोरा, वीतभर. दुपटं बाळाचं. मग दोरा कोणाचा?

तो ठेवायचा खिडकीत. हळूच मागे व्हायचं. मुळ्ळीच बोलायचं नाही. ऐका हं…

"टिव टिव!"

अगं टिवले, चोच मिट! दोरा पडेल!